पुष्करहून आल्यावर फोटोत पुन्हा पुन्हा येणारे डाग: धूळ बसते कुठे आणि तिला अडवायचं कसं

राजस्थानातल्या पुष्करच्या मेळ्याहून परत आलं की फोटोतल्या आकाशात करडे, गोल, पुसट कडांचे ठिपके दिसायला लागतात. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत फोटो टिपणारा भाग, साफ करून आणला की पंधरा-वीस दिवस बरे जातात आणि मग ठिपके परत येतात. काही नव्या जागी, काही पुन्हा तिथेच. परत साफसफाई, परत ठिपके. माझ्या कॅमेऱ्याचं हे सलग दोन वर्षं चाललं होतं. राजस्थानात फोटो काढून आलेल्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाकडून मी हीच तक्रार ऐकली आहे. दुसऱ्या वर्षी मला कारण सापडलं. त्यानंतर त्याच कॅमेऱ्याने आणखी दोन मेळे केले आणि त्या दोन्ही मिळून सेन्सरला ओली, म्हणजे द्रव लावून पुसायची, सफाई एकदाच लागली. आपण बहुतेक जण चुकीच्या जागी उपाय करत राहतो. त्यात पैसे जातात आणि दर सफाईला सेन्सरवरच्या काचेला चरा पडायची भीती असते ती वेगळीच. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी हा मेळा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. कार्तिकी एकादशीला इकडे पंढरपूर भरतं त्याच दिवसापासून पौर्णिमेपर्यंत तिकडे पुष्करच्या तलावावर स्नानाची गर्दी असते. घाट 52, पण फोटोग्राफर गावात कमी आणि गावाबाहेरच्या धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, जास्त सापडतात. तिथला जनावरांचा बाजार एकादशीच्या आधीच सुरू होतो. उंटाचा पाय गादीसारखा असतो, तो वाळूत दबतो आणि फारशी धूळ उडवत नाही. धुरळा करतात ते घोडे, आणि अलीकडे मेळ्यात उंटांपेक्षा घोडेच जास्त दिसतात. सूर्य कलला की शेणाच्या आणि लाकडाच्या शेकोट्या पेटतात, जनावरं पाण्यावरून परततात, आणि आपण ज्याला गोरज म्हणतो ती वेळ तिथे अक्षरशः डोळ्यांपुढे उभी राहते. सगळा प्रकाश धुळीत अडकून सोनेरी होतो. तो प्रकाश हवा तर ती धूळही असणारच, त्यामुळे ‘धूळ असेल तिथे कॅमेरा काढू नका’ हा सल्ला मला कधी पटला नाही.

आधी डाग कुठला ते ओळखा

सगळे डाग सेन्सरवरचे नसतात. साफसफाईला धावण्याआधी चार प्रश्न विचारा.

रात्री फ्लॅश मारून काढलेल्या फोटोतच पांढरे गोल फुगे दिसतात आणि प्रत्येक फोटोत त्यांची जागा बदलते? ती लेन्ससमोरच्या हवेतली धूळ आहे, फ्लॅशच्या उजेडात चमकलेली. कॅमेऱ्याला काहीही झालेलं नाही. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला धरला की फुगे कमी होतात.

व्ह्यूफाइंडरमध्ये कण दिसतो पण फोटोत दिसत नाही? आरसा असलेल्या डीएसएलआरमध्ये तो फोकसिंग स्क्रीनवर किंवा आयपीसच्या काचेवर असतो. फोटोला त्याचा त्रास नाही. त्याच्या मागे लागून ती स्क्रीन कापडाने पुसू नका. ती मऊ प्लास्टिकची असते, लगेच चरे पडतात.

सूर्याकडे तोंड करून काढलेला फोटो धुरकट, दुधाळ येतो, पण ठिपके नाहीत? लेन्सची पुढची काच किंवा फिल्टर मळला आहे. पुढच्या काचेवर चार कण असले तर फोटोत ते जवळपास कधीच दिसत नाहीत, पण सगळीकडे बारीक थर बसला की समोरून येणारा प्रकाश त्यावर विखुरतो.

आणि चौथा, आपला खरा गुन्हेगार. प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा ठिपका, लेन्स बदलली तरी तिथेच, एफ/16 ला ठळक आणि एफ/4 ला गायब (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्समधलं प्रकाशाचं भोक लहान). हा सेन्सरवरचा. नेमकं बोलायचं तर सेन्सरच्या पुढे जी पातळ काच असते तिच्यावरचा. कण आणि सेन्सर यांच्यात थोडं अंतर असल्यामुळे फोटोत येते ती कणाची सावली. ढगाळ दिवशी प्रकाश चहूकडून येतो आणि आपली सावली जमिनीवर नीट पडत नाही, रखरखीत उन्हात मात्र ती काळीभोर पडते. तसंच हे. एफ/2.8 ला प्रकाश रुंद कोनातून येऊन कणाची सावली भरून काढतो, एफ/22 ला तो अरुंद पट्ट्यातून येतो आणि सावली गडद होते. म्हणूनच पुष्करमध्ये संध्याकाळी सूर्याचा तारा काढायला आपण एफ/16 वर जातो आणि नेमके त्याच फोटोत ठिपके निघतात.

तपासणीची पद्धत ठरलेली आहे. आयएसओ 100, एफ/22, फोकस हाताने अगदी जवळचा लावायचा आणि मोकळ्या आकाशाचा किंवा संगणकावरच्या कोऱ्या पांढऱ्या पडद्याचा फोटो काढायचा. एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड ठेवा. शटर मंद असलं तर कॅमेरा मुद्दाम हलवा, म्हणजे पडद्यावरचे तपशील पुसले जातात आणि कॅमेऱ्याबरोबर हलणारा सेन्सरवरचा कण तेवढा जागेवर राहतो. मग तो फोटो पूर्ण मोठा करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत बघा. लेन्स काढून समोरून सेन्सरकडे बघता तेव्हा फोटोतला वरचा डाग खाली असतो आणि खालचा वर. डावा मात्र डावीकडेच राहतो. इतकं लक्षात ठेवलं की ब्लोअरची, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्याची, फुंकर कुठे मारायची ते कळतं.

अंदाजासाठी आकडा देते. 24 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम, म्हणजे जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी साधारण 6 मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉनचा. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा कणही तिथे कित्येक पिक्सेल झाकतो. म्हणून ‘सेन्सर तर स्वच्छ दिसतोय’ या वाक्याला अर्थ नाही. फोटो काढून बघायचं.

काळ्या कागदावरची धूळ

दुसऱ्या वर्षीच्या मेळ्यानंतर दोन महिन्यांत तिसऱ्यांदा सेन्सर साफ करायची वेळ आली. त्याआधी दोनदा एका सर्व्हिस सेंटरमध्ये काम झालं होतं. काम चांगलं होतं, मी तिथेच एफ/22 चा फोटो काढून खात्री केली होती. तिसऱ्या वेळी पुण्यातल्या एका जुन्या, एकहाती दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी कॅमेरा हातात घेतलाच नाही. म्हणाले, “ताई, सेन्सर नंतर बघू. बॅग आणली आहे का?”

बॅग होती. त्यांनी त्यातली सुटी लेन्स काढली, तिचं मागचं झाकण फिरवून उघडलं आणि टेबलावर काळा कागद पसरून त्यावर ते उपडं आपटलं. कागदावर पिवळसर भुकटीचं नीट वर्तुळ उमटलं. मग दुसरं झाकण, मग बॉडीचं, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याचं, झाकण. तिन्हीखाली तीच भुकटी. बॅगेतले वेल्क्रोचे कप्पे काढून तळाशी कागद धरला तर तिथे चिमूटभर वाळूच निघाली. मेळा होऊन नऊ आठवडे झाले होते.

त्या दिवशी मला साखळी कळली. मेळ्यातली धूळ बॅगेत जाते. बॅगेतून ती लेन्सच्या आणि बॉडीच्या झाकणांत जाते, कारण झाकणं आपण बॅगेच्या खिशात उघडी टाकतो. झाकण लेन्सला लावलं की धूळ लेन्सच्या मागच्या काचेवर आणि धातूच्या माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला अडकते त्या कडीवर, बसते. लेन्स बॉडीला लावली की ती आतल्या पोकळीत जाते. मग शटर चालतं, हवा हलते आणि आठ-पंधरा दिवसांत ती सेन्सरपर्यंत पोचते. सेन्सर हा धुळीचा शेवटचा मुक्काम आहे, आणि मी फक्त तोच झाडत होते.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती माझा ब्लोअर. रबरी फुगा दाबला की पुढून हवा येते आणि सोडला की तो हवा आत ओढतो. हा फुगा मी बॅगेच्या त्याच मळक्या खिशात ठेवत होते. म्हणजे सेन्सरवर मारत असलेल्या फुंकरीत पुष्करचीच धूळ होती. तेव्हापासून ब्लोअर झिपच्या पिशवीत बंद असतो आणि वापरण्याआधी दहा-बारा फुंकरी हवेत मारून मगच तो कॅमेऱ्याजवळ नेते.

वाळू वेगळी, धूळ वेगळी

वाळवंटात कॅमेऱ्याचे शत्रू दोन आहेत आणि त्यांचे मार्ग निराळे आहेत. वाळूचे दाणे जड असतात. वाऱ्याने ते जमिनीवरून उड्या मारत जातात आणि बहुतेक गुडघ्याच्या खालीच राहतात. धूळ, आपण जिला फुफाटा म्हणतो ती, पिठासारखी असते. ती डोक्यावर जाते आणि तासभर हवेत तरंगते.

डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्यापर्यंत पोचते ती धूळ, आणि तीच सेन्सरवर डाग पाडते. जमिनीवर ठेवलेल्या बॅगेत, ट्रायपॉडच्या खालच्या सांध्यांत आणि खाली बसून फोटो काढताना मांडीवर ठेवलेल्या लेन्समध्ये जाते ती वाळू. ती झूमच्या नळीत अडकते, बटणं घट्ट करते, काच खरवडते. वाळूत मुख्य भाग असतो क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्या गारगोटीचा. कठीणपणाच्या मोह्स मापावर क्वार्ट्झ 7 वर आणि साधी काच 5.5 च्या आसपास. लेन्सवरचा लेप तर त्याहून नाजूक. त्यामुळे वाळू बसलेली काच कापडाने पुसणं म्हणजे पॉलिश पेपरने घासणं. आधी फुंकर, मग मऊ ब्रश, मग पुन्हा फुंकर, आणि एवढं झाल्यावरही गरज वाटली तरच कापड. मेळ्यात मी कापड काढतच नाही. शर्टाच्या टोकाने लेन्स पुसणारे तर मी रोज बघते आणि दर वेळी जीव हळहळतो.

यातून निघणारा सगळ्यात सोपा नियम: बॅग जमिनीवर ठेवायची नाही. खांद्यावर, गाडीच्या सीटवर, चहाच्या टपरीच्या बाकावर, कुठेही चालेल, वाळूवर नाही.

मेळ्यात काय करायचं

लेन्स बदलायची नाही. बाकीचे सगळे उपाय याच्यानंतर. दोन बॉडी असतील तर एकीवर 35 मिलिमीटरची स्थिर, म्हणजे झूम न होणारी, लेन्स आणि दुसरीवर लांबची, आणि दिवसभर तेवढंच. एकच बॉडी असेल तर सकाळी खोलीवर ठरवायचं की आज कुठली लेन्स, आणि संध्याकाळी परत येईपर्यंत तिच्याशीच संसार करायचा. यात काही फोटो हुकतात. पण एकच लेन्स आहे म्हटल्यावर माणूस पायांनी पुढे-मागे होतो, जनावरांच्या मालकांशी बोलतो, जवळ जायची परवानगी मागतो. माझे पुष्करचे बरेचसे चांगले फोटो अशा एका लेन्सच्या दिवसांतले आहेत.

लेन्स निवडताना एक गोष्ट बघा: झूम करताना ती लांब होते का? लांब होणारी लेन्स पंपासारखी वागते. बाहेर काढली की हवा आत ओढते, आत ढकलली की हवा बॉडीकडे सोडते. दिवसात पाचशे वेळा झूम केलं की पाचशे श्वास होतात, तेही फुफाट्यात. 70-200 एफ/2.8 जातीच्या अनेक लेन्स आतल्या आत झूम करतात, त्यांची लांबी बदलत नाही. त्या इथे फार बऱ्या. सगळ्याच तशा नसतात, कॅननची आरएफ माउंटची पहिली 70-200 एफ/2.8 लांब होते, म्हणून घेण्याआधी किंवा भाड्याने आणण्याआधी हातात धरून बघावं. लांब होणारीच लेन्स असेल तर एक-दोन ठरावीक फोकल लेंग्थवर, म्हणजे झूमच्या ठरावीक आकड्यांवर, काम करायचं आणि रिंग उगाच फिरवायची नाही.

‘वेदर सील्ड’, म्हणजे धूळ-पाणी अडवायला फटी बंद केलेला, या शब्दावर फार विसंबू नका. बहुतेक कंपन्या हे शब्द वापरतात पण प्रमाणित आकडा देत नाहीत. आकडा देणाऱ्या मोजक्या कॅमेऱ्यांत ओएम सिस्टीमचा 2022 चा ओएम-1 आहे, त्याला आयपी 53 (धूळ आणि पाणी किती अडतं त्याचं मानांकन) मिळालेलं आहे. त्यातला पहिला आकडा धुळीचा. 5 म्हणजे ‘थोडी धूळ जाऊ शकते पण काम बिघडणार नाही’, आणि 6 म्हणजे धूळ अजिबात जाणार नाही. आपल्या हातातला आयपी 68 चा मोबाइल त्या बाबतीत पुढे आहे. भर आंधीत मी कॅमेरा बंद करून मोबाइलवरच काढते आणि त्याची मला अजिबात खंत वाटत नाही. शिवाय काही सील्ड लेन्सचं सीलिंग पुढे फिल्टर लावल्यावरच पूर्ण होतं. कॅननच्या 17-40 आणि 16-35 मालिकेतल्या काही लेन्सच्या माहितीपुस्तकात तसं लिहिलेलं आहे. एरवी मी साध्या यूव्ही फिल्टरच्या विरोधात आहे, पण वाळवंटात तो लावते. चरा पडलाच तर तो फिल्टरवर पडू दे.

आवरणाचं म्हणाल तर महागड्या पिशव्यांची गरज नाही. पावसाळ्यात वापरतो तो पातळ प्लास्टिकचा, दोरीने आवळायचा रेन कव्हर पुरतो. पुढे लेन्सच्या हूडवर रबर लावून तो घट्ट करायचा. बॉडीवरच्या फटी, म्हणजे फ्लॅश अडकवायची वरची खाच, मेमरी कार्डाच्या दाराची कड, चार्जिंगचं रबरी झाकण, यांवर रंगकामाची कागदी मास्किंग टेप लावते. इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावू नका, उन्हात तिचा डिंक सुटतो आणि त्याच चिकटपणावर धूळ बसते. रोज संध्याकाळी टेप काढून टाकायची, दुसऱ्या दिवशी नवी. आणि गळ्यात एक सुती उपरणं ठेवा, फोटो काढत नसाल तेव्हा कॅमेऱ्यावर टाकायला. पॉलिस्टरचं नको. तिथल्या कोरड्या हवेत त्यात स्थिर वीज साठते आणि ते धूळ ओढून घेतं.

मेमरी कार्ड आणि बॅटरीही शक्यतो बाहेर बदलू नका. मोठं कार्ड आणि सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी, एवढ्यावर दिवस निघतो.

मिररलेसवाल्यांचा, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा वापरणाऱ्यांचा, एक प्रश्न नेहमी असतो, की लेन्स काढली की सेन्सर उघडाच पडतो, मग काय? कॅननच्या 2018 च्या ईओएस आर पासून काही मॉडेल्समध्ये कॅमेरा बंद केल्यावर शटरचा पडदा खाली येतो. सोय चांगली आहे, पण दोन सावधगिरी हव्यात. ते पडदे अतिशय पातळ असतात, त्यांवर बोट लागू देऊ नका आणि जवळून जोराची फुंकर मारू नका. आणि पडद्यावर बसलेली धूळ नाहीशी होत नाही, कॅमेरा सुरू झाला की ती आतच कुठेतरी सांडते.

खोलीवर आल्यावर

हा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त कंटाळा येतो तोही इथेच. पण डाग अडतात ते याच अर्ध्या तासात.

दाराबाहेरच अंगावरची शाल, जॅकेट झटकायचं. बॅग खोलीत न्यायच्या आधी बाहेरून ब्रशने झाडायची. आत आल्यावर पंखा बंद. हात आणि तोंड धुवायचं, भुवयांतसुद्धा धूळ असते आणि कॅमेऱ्यावर वाकलं की ती खाली पडते. मग कॅमेरा बाहेरून, लेन्स लावलेलीच असताना, ब्लोअरने आणि रंगाच्या मऊ ब्रशने स्वच्छ करायचा. विशेष लक्ष लेन्स आणि बॉडीच्या सांध्याकडे. तिथे धुळीची रेघ असते आणि लेन्स फिरवून काढताना तीच आत पडते. सांध्यावरून किंचित ओलसर कापड फिरवून तो सुकू द्यायचा, आणि मगच लेन्स काढायची. काढतानाही बॉडीचं तोंड जमिनीकडे.

मी हे न्हाणीघरात करते. तिथे गादी, गालिचा, पडदे नसतात, म्हणून उडणारी धूळ कमी असते.

झाकणांसाठी वेगळी, स्वच्छ झिपची छोटी पिशवी ठेवा. लेन्स लावल्याबरोबर तिचं मागचं झाकण आणि बॉडीचं झाकण एकमेकांत अडकवून त्या पिशवीत. धुतलेले कपडे आणि मळके कपडे आपण एका पिशवीत भरत नाही, तोच नियम. झाडलेली लेन्स स्वच्छ पिशवीत, न झाडलेली मळक्या पिशवीत, आणि दोन्ही एकाच कप्प्यात कधी नाहीत.

पुष्करला सेन्सरची ओली सफाई करू नका. मन फार होतं, कारण लॅपटॉपवर ठिपके दिसत असतात. पण त्या हवेत स्वॅबवर, म्हणजे सेन्सर पुसायच्या चपट्या काडीवर, एक दाणा बसला तर तो काचेवरून ओढला जाईल. ब्लोअरने चार फुंकरी, कॅमेऱ्यातली कंपनाची सफाई एकदा, बस. ही कंपनाची युक्ती ऑलिंपसने 2003 च्या ई-1 मध्ये पहिल्यांदा आणली आणि आता जवळपास सगळ्यांकडे आहे. ती चालवताना कॅमेरा टेबलावर सरळ, बूड खाली ठेवून ठेवावा, म्हणजे झटकलेली धूळ सेन्सरच्या खालच्या बाजूला पडते. दुसऱ्या दिवशी एफ/5.6 किंवा एफ/8 वर काम करा, उरलेले ठिपके जवळजवळ दिसणार नाहीत.

थंडीचंही बघावं लागतं. जैसलमेरचा मरू महोत्सव माघात असतो, शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवरच्या समच्या धोऱ्यांवर पहाटे चांगलीच थंडी असते. थंड कॅमेरा माणसांनी भरलेल्या उबदार तंबूत उघडा आणला की त्यावर दव धरतं, आणि धूळ अधिक पाणी म्हणजे चिखल. सुकल्यावर तो फुंकरीने निघत नाही. कॅमेरा बाहेरच बॅगेत बंद करायचा आणि आत आल्यावर तासभर बॅग उघडायची नाही.

काही अडकलंच तर

झूमची रिंग फिरवताना कुरकुर आवाज आला की तिथेच थांबा. ‘फिरवून फिरवून मोकळी होईल’ असं वाटतं, पण प्रत्येक फेरीला दाणा आणखी खोल जातो आणि खोबणी खरवडतो. लेन्सचं तोंड खाली करून, आहे त्याच जागी ठेवून नळीच्या फटीवर फुंकरी मारा, हलक्या बोटांनी टिचक्या मारा. आवाज गेला नाही तर त्या फोकल लेंग्थवर टेप लावून तिला स्थिर लेन्स समजा आणि घरी आल्यावर उघडायला द्या. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याची नळी अर्ध्यात अडकून ‘लेन्स एरर’ आली तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका, आतल्या चक्रांचे दात जातात. बॅटरी काढून ठेवा. वाळूने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत, तेव्हा सहलीआधी कॅमेऱ्याचा विमा असेल तर त्यातली अट वाचून घ्या.

तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब जातात आणि त्यांचे डाग धुळीपेक्षा चिवट असतात. डब्यातली दाबाची हवाही नको, डबा तिरपा झाला की त्यातला द्रव सेन्सरवर उडतो.

ट्रायपॉडचे पाय मात्र निर्धास्तपणे साध्या पाण्याने धुवा, सांधे उघडून, सुकवून. तो त्यासाठीच बनलेला असतो.

सगळी धूळ एका जातीची नाही

पुष्करचे उपाय डोळे मिटून दुसरीकडे नेऊ नका. कच्छच्या रणात, धोरडोच्या उत्सवात, हवेत मीठ असतं. मीठ ओलावा धरतं आणि धातूचे संपर्कबिंदू खातं, तिथे नुसती फुंकर पुरत नाही. बॉडी त्याच रात्री किंचित ओलसर कापडाने पुसावीच लागते. जेजुरीला सोमवतीला उधळला जाणारा भंडारा हळदीचा, तो वाळूपेक्षा खूप मऊ पण चिकट. काच खरवडत नाही, पण रबरावर आणि बटणांच्या फटीत पिवळा डाग सोडतो. ओला हात लागला की तो पसरतो, म्हणून पूर्ण कोरडा असतानाच ब्रशने झाडावा. जोतिबाच्या गुलालाचंही तेच.

कॅलिफोर्नियात राहणारी माझी एक मैत्रीण नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात बर्निंग मॅनला जाते. तिथली जमीन म्हणजे आटलेल्या सरोवराचा तळ, आणि धूळ अल्कधर्मी. तिथले लोक हातापायांना आणि तंबूच्या सामानाला व्हिनेगर घातलेलं पाणी लावतात, म्हणजे अल्क मारला जातो. मैत्रीण ट्रायपॉडलाही तेच लावते आणि मग साध्या पाण्याने धुते. लेन्सच्या काचेला मात्र व्हिनेगर लावू नका.

घरी परतल्यावर, या क्रमाने

आधी बॅग. पूर्ण रिकामी करायची, वेल्क्रोचे सगळे कप्पे काढायचे, गच्चीत उलटी करून झटकायची, मग व्हॅक्यूम क्लीनरची अरुंद नळी प्रत्येक शिवणीत फिरवायची. पट्टेसुद्धा. कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा साबणाच्या पाण्यात टाका, पाण्याचा रंग बघाल तेव्हा कळेल तो किती धूळ घेऊन फिरत होता.

मग झाकणं. सगळी झाकणं साबणाने धुऊन रात्रभर सुकवायची. ओलं झाकण लेन्सला लावायचं नाही, बुरशीला तेवढंच निमंत्रण पुरतं.

मग लेन्सचे माउंट, मागची काच, बॉडीच्या माउंटची कडी. मग बॉडीच्या आतली पोकळी, तोंड खाली धरून, फक्त फुंकरीने.

हे सगळं झाल्यावर शेवटी सेन्सर. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण सफाईच्या मध्येच ती संपली तर आरसा किंवा पडदा खाली येतो. मेन्यूतून सफाईचा मोड लावा. आधी फुंकर, मग एफ/22 चा फोटो. जे ठिपके हलले किंवा गेले ती कोरडी धूळ, तिला पुन्हा फुंकर. चार वेळा फुंकूनही जागचे हलले नाहीत ते चिकटलेले, त्यांच्यासाठी ओला स्वॅब. फुल फ्रेमला 24 मिलिमीटर रुंदीचा, एपीएस-सीला, म्हणजे त्याहून लहान सेन्सरला, 16 चा. द्रवाचे दोनच थेंब, एका बाजूने एकच सरळ ओढ, दुसऱ्या बाजूने परत, आणि स्वॅब कचऱ्यात. तोच पुन्हा वापरला की आधी उचललेला कण आपणच परत फिरवतो. सफाईनंतर डागाभोवती कडं दिसलं तर द्रव जास्त झाला होता, तो सुकल्याची ती खूण. स्वतः करायला हात धजत नसेल तर जाणत्याकडे द्या, पण बॅग आणि झाकणं धुऊन झाल्यावर द्या, त्याआधी नको.

एफ/22 चा फोटो मी तीनदा काढते: निघायच्या आदल्या दिवशी, आल्याच्या दिवशी, आणि सफाईनंतर तीन आठवड्यांनी. तीन आठवड्यांनंतरच्या फोटोत नवे ठिपके नसतील तर बॅग स्वच्छ झाली. असतील तर सेन्सरला हात न लावता पुन्हा काळा कागद पसरायचा आणि एकेक झाकण त्यावर आपटून बघायचं.